‘आत्ताच’ म्हणजे नेमके केव्हा?

स्मरणिकेसाठी काहीतरी लिहून पाठवावे, असा शाळेचा निरोप आला तेव्हा प्रथम मनात संकोच दाटला. आपल्या शाळेच्या उभारणीविषयी, संस्थेच्या संस्थापकांच्या कष्टांविषयी, पहाटेच्या वंदनेविषयी आणि भोजनगृहातील पंगतींविषयी माझ्यापेक्षा अधिक अधिकाराने लिहिणारे अनेक माजी विद्यार्थी आहेत. म्हणून मी एका लहानशा शब्दाविषयी लिहिण्याचे ठरवले. तो शब्द कुडव्याच्या या आवारातच मला प्रथम खऱ्या अर्थाने भेटला आणि पुढे नोकरीत एका रात्री त्याने मला चांगलाच धडा शिकवला. तो शब्द म्हणजे ‘आत्ताच’.

गोष्ट १९९९ सालची. त्या वर्षी १ मे रोजी भंडारा जिल्ह्याचे विभाजन होऊन गोंदिया हा स्वतंत्र जिल्हा झाला होता. मी तेव्हा आठवीत होते. आमचे गाव देवरी तालुक्यात. वडील नव्हते. माय पावसाळ्यात रोवणीला जायची आणि उरलेले वर्षभर विड्या वळायची. पालकांनी मुलींना भेटायचा दिवस रविवार ठरलेला होता. परंतु विड्या वळणाऱ्या बाईला रविवार कुठला? रोवणी आटोपली आणि हातात चार पैसे आले, तशी ती एका बुधवारी दुपारी एसटीने गोंदियाला उतरून, तेथून पायी कुडव्याला आली.

मला त्याचा पत्ताच नव्हता. शाळा सुटल्यावर पाच वाजता मी वसतिगृहाकडे निघाले, तेव्हा फाटकावरच्या चौकीदारकाकांनी हाक मारली. त्यांच्या हातात एक गाठोडे होते. म्हणाले, “पोरी, तुझी माय आली होती. आत्ताच गेली.”

‘आत्ताच गेली’ हे शब्द कानी पडताच मी गाठोडे तेथेच ठेवले आणि धावत सुटले. परवानगी मागायचेही भान राहिले नाही. नाक्यापर्यंत धावत गेले. रस्त्यावर सायकली होत्या, तांदळाच्या गिरणीकडे जाणारे ट्रक होते, डोक्यावर ओझी घेतलेल्या कितीतरी बाया होत्या. माय मात्र कोठेच नव्हती. प्रत्येक हिरवे लुगडे तिचेच वाटत होते. अखेर मी रडत परत आले.

अधीक्षिकाबाई रागावतील असे वाटले होते. त्या रागावल्या नाहीत. त्यांनी अभ्यागतांची नोंदवही उघडून माझ्यासमोर ठेवली. मायच्या अंगठ्याच्या निळ्या ठशापुढे लिहिले होते : आगमन ३.१०, प्रस्थान ३.३०. म्हणजे काकांनी मला ‘आत्ताच गेली’ असे सांगितले, तेव्हा तिला जाऊन दीड तास झाला होता. मी नाक्यावर तिला शोधत होते, त्या वेळी ती बहुधा देवरीच्या एसटीत बसलेलीही होती. बाईंनी मला वर्गातून बोलावण्याची तयारी दाखवली होती, परंतु माय म्हणाली होती, “पोरगी शिकून राहिली, तिले उठवू नका.” गाठोड्यात गूळ-मुरमुऱ्यांचे लाडू होते आणि वह्यांसाठी पदराच्या चिंधीत बांधलेले पैसे होते.

दुसऱ्या दिवशी इंग्रजीच्या तासाला भाषांतर होते. आमच्या पिढीची इंग्रजीशी ओळख पाचवीत होत असे. पहिलीपासून इंग्रजी २००० साली सुरू झाले. तेव्हा आठवीतील आमची मजल साध्या वाक्यांपर्यंतच होती. ‘आत्ताच’ हा शब्द घालून कोणतेही एक वाक्य तयार करा आणि त्याचे इंग्रजी करा, असे सरांनी सांगितले. मी लिहिले, ‘माय मदर हॅज गॉन जस्ट नाऊ.’ सरांनी वही पाहिली, माझ्या चेहऱ्याकडे पाहिले आणि विचारले, “केव्हा गेली?” मला उत्तर देता आले नाही. शेजारच्या मैत्रिणीने सगळी हकीकत सांगितली. सरांनी सांत्वनाचे शब्द काढले नाहीत. ते फळ्याकडे वळले आणि त्यांनी चार वाक्ये लिहिली.

पहिले, ‘माय मदर हॅज जस्ट लेफ्ट.’
दुसरे, ‘माय मदर लेफ्ट जस्ट नाऊ.’
तिसरे, ‘माय मदर लेफ्ट ॲट हाफ पास्ट थ्री.’
चौथे, ‘माय मदर हॅज ऑलरेडी लेफ्ट.’

“मराठीत या चारही ठिकाणी तुम्ही ‘आई गेली’ असेच म्हणाल,” ते म्हणाले. “पण ऐकणाऱ्याने आता काय करावे, हे प्रत्येक वाक्य वेगळे सांगते.” त्या दिवशी त्यांनी जे समजावले ते आजही मला जसेच्या तसे आठवते. इंग्रजीशी झगडणाऱ्या आजच्या विद्यार्थ्यांना ते उपयोगी पडेल, म्हणून येथे मांडते.

‘हॅज’ आणि क्रियापद यांच्या मधोमध ‘जस्ट’ बसले, की क्रिया पूर्ण होऊनही वर्तमानाला चिकटून राहिलेली असते. आई गेली, पण फाटक अजून हलते आहे. हाक मारली तर ऐकू जाईल. ‘जस्ट नाऊ’ची गोष्ट निराळी. ते बहुधा वाक्याच्या शेवटी येते आणि त्याला साधा भूतकाळ मानवतो. त्याचा रोख ‘थोड्याच वेळापूर्वी’ या क्षणाकडे असतो, म्हणून ‘हॅज गॉन जस्ट नाऊ’ ही माझी रचना खटकणारी होती. शिवाय ‘शी इज बिझी जस्ट नाऊ’ असे वर्तमानकाळात म्हटले, तर त्याचा अर्थ ‘या घटकेला’ असा होतो. तिसऱ्या वाक्यात घड्याळ आले. घड्याळ, तारीख, वार किंवा ‘अगो’ हा शब्द आला, की ‘हॅज’ने बाजूला व्हायचे आणि साध्या भूतकाळाला जागा करून द्यायची. ‘हॅज लेफ्ट ॲन अवर अगो’ हे वाक्य म्हणूनच चुकीचे ठरते.

चौथ्या वाक्याशी आल्यावर सर थांबले. ‘ऑलरेडी’ हा शब्द किती वेळ झाला हे सांगत नाही, असे ते म्हणाले. ऐकणाऱ्याला वाटत होते त्याच्या आधीच क्रिया उरकली आहे, एवढेच तो सांगतो. मग माझ्याकडे वळून ते म्हणाले, “काल तुला ‘जस्ट’ ऐकू आले. खरे म्हणजे तुला ‘ऑलरेडी’ सांगायला हवे होते. तू धावली नसतीस.”

मी धीर करून विचारले, “सर, मग आपल्या मराठीत ‘ऑलरेडी’ला शब्दच नाही का?” ते हसले आणि म्हणाले, “आहे की! ‘केव्हाच गेली.’”

माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला तो तेथे. तोपर्यंत मला वाटत होते, की इंग्रजी श्रीमंत आणि आपली बोली गरीब. म्हणून आमची फजिती होते. सरांनी त्या तासाचा उरलेला वेळ आमच्याकडूनच मराठी शब्द काढून घेण्यात घालवला. आत्ता, आत्ताच, इतक्यात, एवढ्यात, नुकताच, मघाशी, केव्हाच, अलीकडे, हल्ली, आताशा असे शब्द फळ्यावर येत गेले आणि फळा भरला. ‘मघाशी’ या शब्दापुढे तर सरांनी रेघ मारून ठेवली. आजच्याच दिवसातले, पण अगदी आत्ताचे नव्हे, असे थोडे मागचे काही या एका शब्दात मावते. इंग्रजीत त्यासाठी ‘अ व्हाइल अगो’ किंवा ‘अर्लिअर टुडे’ असे दोनतीन शब्द जुळवावे लागतात. काकांनी ‘माय मघाशी गेली’ असे म्हटले असते तरी मला पुरेसे कळले असते. शब्द होता, निवडला गेला नाही, इतकेच.

‘नुकताच’ शिकवताना सरांनी आमच्या नव्या जिल्ह्याचेच उदाहरण घेतले. ‘गोंदिया हॅज रिसेंटली बिकम अ डिस्ट्रिक्ट.’ तीनचार महिन्यांपूर्वीच्या घटनेला तेथे ‘जस्ट’पेक्षा ‘रिसेंटली’ अधिक शोभते; कारण जिल्ह्याच्या आयुष्यात चार महिने म्हणजे अलीकडचेच. परंतु तारीख सांगायची असेल तर पुन्हा साधा भूतकाळ, ‘गोंदिया बिकेम अ डिस्ट्रिक्ट ऑन फर्स्ट मे’. ‘लेटली’ हा शब्द ‘रिसेंटली’चा भाऊ खरा, पण एकदाच घडून गेलेल्या गोष्टीला तो सहसा लावत नाहीत. अलीकडच्या दिवसांत वारंवार घडणाऱ्या किंवा चालू राहिलेल्या गोष्टीला तो लावतात, आपण ‘हल्ली’ म्हणतो तसा. आणि अपेक्षित गोष्ट अजून घडलीच नसेल तर ‘येट’ : ‘शी हॅज नॉट कम येट’, ती अजून आली नाही.

मराठीतील ‘आत्ता’ दोन्हीकडे तोंड असलेला शब्द आहे, हेही त्याच तासाला उमगले. ‘आत्ता आली’ आणि ‘आत्ता येते’ या दोन्ही वाक्यांत तो सुखाने नांदतो. म्हणून आपली मुले ‘आय विल कम जस्ट नाऊ’ असे सहज म्हणून जातात. पुढे मला कळले, की दक्षिण आफ्रिकेतील इंग्रजीत ‘जस्ट नाऊ’चा अर्थ चक्क ‘थोड्या वेळाने’ असाही होतो. म्हणजे शब्दाने दोन दिशांना पाहणे ही काही आपल्याच भाषेची खोड नव्हे. त्याचप्रमाणे अमेरिकेतील लोक बोलताना ‘आय जस्ट एट’ असे साध्या भूतकाळात सर्रास म्हणतात आणि ते तेथे चूक मानले जात नाही. ब्रिटिश वळणाने मात्र ‘आय हॅव जस्ट ईटन’. आमच्या परीक्षेला दुसरे वळण चाले. भाषा जिवंत असली की तिचे नियमही माणसांप्रमाणे गाव बदलले की थोडे बदलतात.

त्याच सुमारास पालीच्या तासाला आणखी एक दुवा जुळला. पाली व्याकरणात भूतकाळाच्या एका रूपाचे नाव ‘अज्जतनी’ असे आहे. अज्ज म्हणजे आज. जे आज घडले ते अज्जतनी. दुसऱ्याचे नाव ‘हिय्यत्तनी’, म्हणजे कालचे. तिसरे ‘परोक्खा’, म्हणजे डोळ्यांआड घडलेले. संस्कृत व्याकरणातही अद्यतन, अनद्यतन आणि परोक्ष असाच विभाग आहे. प्रत्यक्ष पाली ग्रंथांत अज्जतनीचे रूप आजच्याच गोष्टीपुरते राहिलेले नाही. कोणत्याही भूतकाळासाठी तेच वापरलेले दिसते. तरीही नावे बोलकी आहेत. घटना किती मागची आणि ती आपल्या डोळ्यांसमोर घडली की नाही, हे सांगणाऱ्याने स्पष्ट करावे, ही जाणीव इतकी जुनी आहे, हे पाहून मला नवल वाटले. मायचे जाणे माझ्यासाठी ‘परोक्खा’ होते. काकांनी ते मला ‘अज्जतनी’हूनही जवळचे करून सांगितले होते.

‘जस्ट’ शब्दाचे कूळही सरांनीच सांगितले. लॅटिन भाषेतील ज्या मुळापासून ‘जस्टिस’ म्हणजे न्याय हा शब्द आला, त्याच मुळाचा हा शब्द आहे. विशेषण म्हणून ‘जस्ट’चा अर्थ न्याय्य, रास्त. रास्त म्हणजे जेवढ्यास तेवढे, त्यावरून ‘नेमके’, आणि नेमके या क्षणी, त्यावरून ‘आत्ताच’, अशी त्या अर्थाची वाटचाल आहे. बाबासाहेबांच्या तसबिरीखाली दररोज संविधानाची उद्देशिका वाचणाऱ्या आम्हा मुलींना ‘न्याय’ हा शब्द ओळखीचा होता. त्याचे नाते फाटकावरच्या ‘आत्ताच’शी असेल, असे स्वप्नातही आले नव्हते.

हे सारे मी शिकले, परीक्षेत गुणही मिळवले. पुढे परिचारिकेचे शिक्षण घेतले आणि एका मोठ्या शहरातील रुग्णालयात नोकरीला लागले. तेथे मी जे केले ते सांगितल्याशिवाय हा लेख प्रामाणिक होणार नाही.

माझी दुपारपाळी होती. शस्त्रक्रिया झालेल्या एका आजींना ताप आणि वेदना होत्या. दर सहा तासांनी पॅरासिटामॉल द्यावे, अशी डॉक्टरांची सूचना होती. मी सायंकाळी पाच वाजता मात्रा दिली. तेवढ्यात दुसऱ्या खाटेवर धावपळ उडाली आणि तक्त्यावर वेळ लिहायची राहून गेली. आठ वाजता पाळी बदलली. रात्रपाळीची सहकारी केरळची होती. आम्हा दोघींची समाईक भाषा इंग्रजी. तिने विचारले, मात्रा केव्हा दिली? मी घाईत म्हणाले, ‘गिव्हन जस्ट नाऊ.’ माझ्या मनात होते ‘मघाशीच दिली’. तिने ऐकले, ‘आत्ता, आठ वाजता’. तिने आठपासून सहा तास मोजले. रात्री अकराला मिळायला हवी होती ती मात्रा आजींना दोन वाजता मिळाली. आजींनी दोनदा घंटा वाजवली होती, आणि सहकारीने त्यांना नियमाप्रमाणे थांबायला सांगितले होते. तिची काहीच चूक नव्हती.

आजींना पुढे काही अपाय झाला नाही. त्या बऱ्या होऊन घरी गेल्या. परंतु तीन तास त्यांनी जे सोसले ते माझ्या एका शब्दामुळे. सकाळी मुख्य परिचारिकांनी मला बोलावून एवढेच विचारले, “तुझे ‘जस्ट नाऊ’ किती तासांचे असते?” मी खाली मान घालून उभी राहिले. डोळ्यांसमोर आली ती कुडव्याची नोंदवही, निळा ठसा आणि ३.३० हा आकडा. ज्या काकांवर मी मनातल्या मनात कितीतरी दिवस रुसले होते, त्यांच्याच जागी मी उभी होते. फाटकावर स्टुलावर बसून दिवस काढणाऱ्या माणसाला सारी दुपार एकच ‘आत्ताच’ वाटली असेल, तर त्यात नवल ते काय? पाळीभर धावणाऱ्या मलाही पाच आणि आठ यांतले अंतर उरले नव्हते.

त्या दिवसापासून मी एक शिस्त स्वतःला लावून घेतली. दुसऱ्याने माझ्या शब्दावरून काही कृती करायची असेल, तर तेथे क्रियाविशेषण वापरायचे नाही. वेळ सांगायची आणि ती आधी लिहायची. ‘जस्ट’, ‘रिसेंटली’, ‘ऑलरेडी’ हे शब्द बोलणाऱ्याच्या मनातले अंतर दाखवतात, घड्याळातले नव्हे. गप्पांत, पत्रांत, गोष्टींत ते हवेतच. त्यांच्यावाचून बोलणे कोरडे होईल. औषधाच्या तक्त्यावर मात्र आकडाच हवा. नव्याने येणाऱ्या मुलींना मी आज पहिल्याच दिवशी हे सांगते.

सम्यक वाचेविषयी आपण शाळेत ऐकले, त्याचा अर्थ मला या प्रसंगानंतर अधिक कळला. चांगल्या बोलण्याची पाच लक्षणे तथागतांनी सांगितली आहेत : ते योग्य वेळी बोललेले असावे, सत्य असावे, मृदू असावे, हितकारक असावे आणि मैत्रीच्या भावनेने बोललेले असावे. काकांच्या ‘आत्ताच’मध्ये मृदुता होती, मैत्री होती. काही वर्षांपूर्वी शाळेच्या कार्यक्रमाला आले, तेव्हा त्यांना ती गोष्ट विचारली. त्यांना ती आठवतही नव्हती. थोडा विचार करून म्हणाले, “दीड घंटा झाला असं सांगितलं असतं, तर तुले लय वाईट वाटलं असतं न पोरी.” मी त्यांच्या पाया पडले. फसवण्याचा त्यांचा हेतू नव्हता. माझ्या ‘जस्ट नाऊ’मध्येही तो नव्हता. पण नेमकेपणा दोन्हींत नव्हता, आणि त्याची किंमत ऐकणाऱ्याने मोजली. खोटे न बोलणे हे चौथे शील झाले. खरे असेल ते नेमके सांगणे हा त्याचाच पुढचा अभ्यास आहे, असे मला वाटते.

शाळेतील विद्यार्थ्यांना माझे सांगणे इतकेच, की इंग्रजी बोलताना चुकाल याची भीती बाळगू नका. आपण ‘करून राहिलो’, ‘येऊन राहिलो’ असे बोलतो, त्याचीही लाज बाळगू नका. ती आपल्या मायची भाषा आहे. मात्र ‘जस्ट’ लिहिण्यापूर्वी क्षणभर थांबून स्वतःला विचारा : मला ‘आत्ताच’ म्हणायचे आहे, ‘मघाशी’ की ‘केव्हाच’? मराठीत शब्द नेमका सापडला, की इंग्रजीतलाही सापडू लागतो. आणि ऐकणारा तुमच्या शब्दावर धावणार असेल, तर त्याला वेळ सांगा.

माय आता थकली आहे. विड्या वळणे केव्हाच सुटले. रोज रात्री तिचा फोन येतो आणि पहिला प्रश्न असतो, “जेवली का?” कामाच्या गडबडीत जेवण झालेले नसले, तरी पूर्वी मी सरळ ‘आत्ताच जेवली’ असे सांगत असे. आता तसे सांगत नाही. झाले असेल तर म्हणते, “आठ वाजता जेवली, माय.” ती हसते आणि म्हणते, “घड्याळ कोन विचारून राहिलं तुले?”

नमो बुद्धाय. जय भीम.